तळटीपेमागचे पान

माण तालुक्यातल्या एका महाविद्यालयात एम.ए. करणारी मुलगी १९७२च्या दुष्काळावर शोधनिबंध लिहायला बसली आहे, असे समजू. आजी खडी फोडायला जायची, कामावर सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो यायची, हे तिने घरातच ऐकले आहे. मोबाइलवर शोधले की विकिपीडियाची नोंद दिसते, वृत्तपत्रांतले दोन-चार स्मरणलेख सापडतात, आयएसएसएन क्रमांक असलेल्या एका नियतकालिकातला चार पानांचा पेपर उघडतो. चॅटजीपीटीला विचारले तर दहा पुस्तकांची सुबक यादी हाती येते. मार्गदर्शकांनी सांगितलेले असते, ‘संदर्भ विश्वासार्ह हवेत.’ यातला कोणता संदर्भ विश्वासार्ह आणि ते ठरवायचे कोणी, हे मात्र तिला कोणी सांगितलेले नसते.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर हा प्रश्न फक्त पीएच.डी.पुरता राहिलेला नाही. चार वर्षांच्या पदवीत ‘संशोधनासह ऑनर्स’ हा मार्ग आला आणि विशीतल्या मुलामुलींना संशोधन प्रकल्प लिहावा लागू लागला. साधनांच्या विश्वासार्हतेवर आपल्याकडे दीडशे वर्षे वाद चालू आहे. त्या वादाचे आजचे चित्र काय, हे पाहण्यासाठी हा आढावा.

कागदापासून सुरुवात

या वादाच्या मुळाशी एका विद्यार्थ्याचाच निबंध आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली निघाला आणि पुढची चार दशके प्रमाण मानला गेला. १८६७ साली डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्यावर टीका करणारा निबंध लिहिला. डफच्या ग्रंथाची मराठी अभ्यासकाने केलेली ती पहिली सविस्तर तपासणी समजली जाते. पुढे १८७८पासून ‘काव्येतिहाससंग्रह’ जुनी कागदपत्रे छापू लागला. १८९८ साली वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला, एकूण खंड बावीस झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातल्या रुमालांतून निवडलेले कागद १९३०नंतरच्या काही वर्षांत पंचेचाळीस खंडांत छापून निघाले.

या परंपरेने चार प्रश्न पक्के केले. कागद अस्सल की नक्कल? तो घटनेच्या वेळचा की नंतरचा? लिहिणाऱ्याला ती माहिती कशी कळली? आणि त्यात त्याचे हित-अहित काय होते? समकालीन पत्र असेल तर बखरीला दुय्यम स्थान, हा नियम यातूनच आला. बखरींमध्येही तारतम्य ठेवले गेले. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेलेली सभासदाची बखर आणि शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली चिटणीसांची बखर यांचे वजन सारखे धरले जात नाही.

ही पद्धत कशी चालते, याचे आपल्याकडचे सर्वात शिकवण्याजोगे उदाहरण शिवजन्मतिथीच्या वादाचे आहे. उत्तरकालीन बखरींच्या आधारे शके १५४९, म्हणजे १६२७ हे साल रूढ होते. १९१६च्या सुमारास लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी होती. एका शकावलीवरून सर्वमान्य तारीख बदलावी का, असा प्रश्न साहजिकच उठला. नंतर तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या हस्तलिखितावरून स. म. दिवेकरांनी कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ छापले. त्यातही हीच तिथी निघाली. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली आणि तंजावरचे संस्कृत काव्य यांचा एकमेकांशी संबंध नाही. दोन स्वतंत्र साक्षी जुळल्यामुळे नव्या तारखेला बळ आले. महाराष्ट्र शासनाने ती पुष्कळ नंतर स्वीकारली. विद्वानांचे मत तोपर्यंत बरेचसे त्या बाजूला गेलेले होते.

कागद प्रमाण मानणाऱ्या या पहिल्या भूमिकेची मर्यादाही दुष्काळाच्या विषयातच दिसते. दुष्काळी कामाचे मस्टर हा अस्सल आणि समकालीन कागद आहे. त्यावर नाव, दिवस, मजुरी आणि अंगठा असतो. पण रोजगार हमीच्या कामांवरच्या खोट्या हजेऱ्यांच्या तक्रारी महाराष्ट्राला नव्या नाहीत. अस्सल कागद आणि खरे सांगणारा कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजवाड्यांच्या परंपरेला हा फरक ठाऊक होता, म्हणून तर चौथा प्रश्न आला. वर्गात शिकवताना मात्र आपण बहुधा पहिल्या दोन प्रश्नांवरच थांबतो.

यादीचा आधार

दुसरी भूमिका विद्यापीठीय व्यवस्थेची आहे. प्रत्येक विद्यार्थी प्रत्येक कागद तपासू शकत नाही. तेव्हा विषयातल्या जाणकारांनी आधी तपासलेले लेखन प्रमाण मानावे, आणि असे परीक्षण करणारी नियतकालिके कोणती ते संस्थेने सांगावे.

आपल्याकडे या भूमिकेला वळण मिळाले ते २०१० साली. विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या नेमणुका व बढत्यांसाठी एपीआय गुण आणले, छापलेल्या पेपराला गुण मिळू लागले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना गिऱ्हाईक मिळाले. अशा नियतकालिकांची यादी अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाचे ग्रंथपाल जेफ्री बील ठेवत असत. ती जानेवारी २०१७मध्ये काढून घेतली गेली. ‘सायन्स’मध्ये २०१३ साली जॉन बोहॅनन यांनी एका चाचणीचा निष्कर्ष छापला होता. उघड चुका असलेला बनावट पेपर त्यांनी ३०४ नियतकालिकांकडे पाठवला. १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला. स्वीकारणाऱ्यांत नावाजलेल्या प्रकाशनसंस्थांची नियतकालिकेही होती.

आयोगाने २०१७ साली मान्य नियतकालिकांची यादी काढली. भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने त्यात आलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला. २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापलेल्या त्यांच्या लेखानुसार तपासलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकषांना उतरली नाहीत. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. २०१९मध्ये ‘केअर’ यादी आली आणि तिच्या कामाचे केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होते. फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगाने तीही बंद केल्याचे जाहीर केले. आता केंद्रीय यादी नाही. सुचवलेल्या निकषांवरून संस्थांनी आपापले ठरवायचे आहे. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी पेपर छापलेला असण्याची सक्ती त्याआधीच, २०२२च्या नियमावलीत निघाली होती.

यादीच्या बाजूने बोलणारे म्हणतात की तिच्यामुळे खोट्या नियतकालिकांच्या धंद्याला निदान आळा बसला, आणि तालुक्याच्या गावातल्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर धरायला काही तरी मिळाले. ती बंद झाल्यावर पुन्हा जुनी अनागोंदी येईल, ही त्यांची भीती निराधार नाही. विरोधक म्हणतात की एकाच कार्यालयाला शेकडो विषयांचा निवाडा जमत नाही, यादीत शिरायलाच लोक धडपडतात आणि वाचणाऱ्याची विवेकबुद्धी थंड पडते.

मराठीत आणखी एक अडचण आहे. आपले बरेचसे गंभीर वैचारिक लेखन ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ यांसारख्या नियतकालिकांत आणि दिवाळी अंकांत, संपादकाच्या निवडीवर छापले गेले. संपादक जाणता असे, लेख परतही येत. पण दोन अज्ञात परीक्षकांचे शेरे कुठे जपलेले नाहीत. आजच्या व्याख्येत हे लेखन बसवायचे म्हटले तर विसाव्या शतकातला मराठी विचार बराचसा बाहेर राहतो.

परीक्षणाची खात्रीही निरपवाद नाही. कोविडच्या काळात हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनवरचा एक लेख ‘लॅन्सेट’ने २२ मे २०२० रोजी छापला आणि ४ जूनला मागे घेतला, कारण ज्या आकडेवारीवर तो उभा होता ती तपासायला कोणालाच मिळेना. २०२३ या एका वर्षात जगभर दहा हजारांहून अधिक शोधलेख मागे घेतले गेले. मागे घेतलेला लेख संदर्भसूचीत तसाच पडून राहतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितलीच जात नाही.

वाचणाऱ्याची नजर

तिसरी भूमिका ग्रंथपालांची आणि शिक्षणशास्त्रज्ञांची. साधनावर शिक्का शोधू नका, वाचणाऱ्याला पारख शिकवा, असे ते म्हणतात. २००४च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या ग्रंथपाल सॅरा ब्लेकस्ली यांनी पाच कसोट्यांची एक यादी केली: मजकूर किती ताजा, किती उपयोगी, कोणी लिहिला, किती अचूक, हेतू काय. जगभरच्या महाविद्यालयांनी ती उचलली.

स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी पुढे या पद्धतीवर प्रश्नचिन्ह लावले. त्यांनी दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि पंचवीस विद्यार्थी यांना तीच संकेतस्थळे तपासायला दिली. विद्यार्थी आणि बरेच इतिहासकारही त्याच पानावर खाली-वर करत राहिले. मांडणी, बोधचिन्ह, ‘आमच्याविषयी’चा मजकूर पाहून त्यांनी मत बनवले. तपासनीस मात्र काही क्षणांतच पानाबाहेर पडले आणि हे लोक कोण, त्यांच्याविषयी इतर काय म्हणतात, हे शोधू लागले. ते अधिक लवकर आणि अधिक बरोबर निष्कर्षाला पोचले. पानाच्या अंगावरून त्याची पारख होत नाही, हा त्या प्रयोगाचा धडा.

मराठीत हे जसेच्या तसे चालत नाही. पानाबाहेर पडून शोधावे तर पाच संकेतस्थळांवर तोच परिच्छेद, तीच शुद्धलेखनाची चूक घेऊन भेटतो. पाच ठिकाणी दिसले म्हणून ते पाच साक्षीदार होत नाहीत. शिवजन्मतिथीच्या वादात महत्त्वाचे होते ते साक्षींचे स्वतंत्र असणे. एकाची नक्कल दुसऱ्याने केली आहे का, हा बखरींना विचारला जाणारा प्रश्न आज संकेतस्थळांना विचारावा लागतो. जुनी पद्धत आणि नवी पद्धत इथे एकमेकींना भेटतात, आणि या भेटीकडे अभ्यासक्रम बनवणाऱ्यांचे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते.

दप्तरात नसलेली माणसे

चौथी भूमिका मुळालाच हात घालते. दप्तर ज्यांनी लिहिले त्यांचेच ते बोलते. शेतमजूर बाई, बलुतेदार, गावकुसाबाहेरची वस्ती यांचे नाव तिथे आले तर वसुलीत किंवा तंट्यात. मग ‘कागद नाही म्हणून पुरावा नाही’ हा नियम कोणाला न्याय देतो?

या पक्षाने नुसता आक्षेप घेतला नाही, साधनेही उभी केली. गी पॉइटव्हॅं आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बायकांनी बायकांसाठी म्हटलेला तो संसाराचा, कष्टाचा आणि देवाधर्माचा दस्तऐवज आहे. शर्मिला रेगे यांनी २००६च्या पुस्तकात दलित स्त्रियांची आत्मकथने ही साक्ष म्हणून कशी वाचावीत, याची मांडणी केली. वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड राज्य शासनाने काढले. ‘मूकनायक’ (१९२०) आणि ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) आज अभ्यासकाला सहज वाचता येतात. एकेकाळी ज्यांना चळवळीची पत्रे म्हणून बाजूला ठेवले गेले, ती आज प्राथमिक साधने आहेत.

कागदवाल्यांचा आक्षेप असा की स्मृती सरकते. पन्नास वर्षांनी सांगणारी आजी ७२चा आणि त्यानंतरचा दुष्काळ एकत्र करू शकते, वाचलेले आणि पाहिलेले मिसळू शकते. तो आक्षेप योग्य आहे. त्यावर मौखिक इतिहासवाल्यांचे उत्तर असे: मुलाखतीची तारीख, ठिकाण आणि संमती नोंदवा, ध्वनिमुद्रण जपा, दोन-तीन माणसांना स्वतंत्रपणे विचारा, आणि स्मृतीत जिथे चूक आहे तिथे ती का झाली याचाही विचार करा.

दुष्काळाचा विषय इथे फार बोलका होतो. वुल्फ लडेजिन्स्की यांनी १९७३ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये या दुष्काळावर लिहिले. ज्याँ ड्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी १९८९च्या आपल्या ग्रंथात तो मोठी उपासमार टाळल्याचे उदाहरण म्हणून मांडला. सरकारी कामांवर मिळालेली मजुरी हे त्याचे मुख्य कारण. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, त्यामागेही हाच अनुभव आहे. आजीच्या तोंडी मात्र विकलेली बैलजोडी येते, उन्हात पडलेली मैत्रीण येते. यातले एक खरे आणि दुसरे खोटे ठरवायची घाई करू नये. किती माणसे मेली हा प्रश्न असेल तर आजी पुरेशी नाही. जगून राहणे म्हणजे काय होते हा प्रश्न असेल तर आकडेवारी पुरेशी नाही. माझ्या मते या सगळ्या वादातली कळीची गोष्ट हीच आहे: साधन एकटे विश्वासार्ह नसते, ते एखाद्या प्रश्नासाठी विश्वासार्ह असते.

विकिपीडिया आणि यंत्राने रचलेले संदर्भ

विकिपीडियावरचा वाद आता बराच निवळला आहे. ‘नेचर’ने डिसेंबर २००५मध्ये विज्ञानाच्या ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियात सरासरी चार आणि ब्रिटानिकात तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने त्या पद्धतीला जोरदार हरकत घेतली आणि ‘नेचर’ आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. सामान्यतः आज अध्यापक सांगतात की सुरुवात तिथून करा, तळाच्या संदर्भांपर्यंत जा, पण नोंद स्वतः उद्धृत करू नका. इंग्रजी विकिपीडियासाठी हा सल्ला पुरतो. मराठीत अनेक नोंदींखाली संदर्भच नसतात, तेव्हा विद्यार्थ्याने मराठी विश्वकोशाकडे वळणे बरे. त्याचे खंड आज संकेतस्थळावर आहेत आणि नोंदीखाली लेखकाचे नाव असते.

३० नोव्हेंबर २०२२ला चॅटजीपीटी आले आणि एक अगदी नवा प्रश्न उभा राहिला. आजवर आपण विचारत होतो की हे साधन खरे बोलते का. आता आधी विचारावे लागते की हे साधन आहे का. वॉल्टर्स आणि वाइल्डर यांनी २०२३ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये छापलेल्या अभ्यासात जीपीटी-३.५ने दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के मुळात अस्तित्वात नव्हते. जीपीटी-४मध्ये हे प्रमाण १८ टक्क्यांवर आले. जे खरे होते त्यांतही तपशिलाच्या चुका होत्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या न्यायालयाने चॅटजीपीटीने रचलेल्या, कधीच न घडलेल्या खटल्यांचे दाखले देणाऱ्या वकिलांना पाच हजार डॉलर दंड केला.

असा रचलेला संदर्भ फसवा असतो, कारण त्यात खऱ्या लेखकाचे नाव, पटेल असे शीर्षक आणि ओळखीचा प्रकाशक असतो. आयोगाच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनी विद्यापीठांत साम्य मोजणारी प्रणाली आली. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते. ती प्रणाली नक्कल पकडते. अस्तित्वात नसलेले पुस्तक कशाचीच नक्कल नसल्याने तिच्या चाळणीतून सुखरूप निघते.

यंत्राच्या वापरावर मतभेद आहेत. एक गट पूर्ण बंदी मागतो. दुसरा म्हणतो की शोधशब्द सुचवायला, परकी भाषा समजून घ्यायला ते वापरू द्या, पण कुठे वापरले ते लिहा. नवी यंत्रे शोधयंत्राला जोडलेली असल्याने खोट्या संदर्भांचे प्रमाण घटते आहे, असा त्यांचा युक्तिवाद. पहिला गट विचारतो की प्रमाण घटले तरी उरलेले खोटे ओळखायचे कसे?

हाती येणे, न येणे

चांगले साधन कोणते, यावर एवढी चर्चा होते; ते मिळते का, यावर फार कमी. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला नोव्हेंबर २०२४मध्ये मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके, ६,३००हून अधिक शासकीय संस्था. हे मोठे पाऊल आहे. पण ही नियतकालिके मुख्यतः इंग्रजी आहेत, आणि खाजगी विनाअनुदानित महाविद्यालये पहिल्या टप्प्यात नाहीत. ‘शोधगंगा’वर देशभरचे प्रबंध खुले आहेत, मराठीतलेही. त्यांचा दर्जा कमीजास्त असला तरी त्यांच्या संदर्भसूची विद्यार्थ्याला खूप काही देतात. एशियाटिक सोसायटीच्या ‘ग्रंथसंजीवनी’वर जुनी मराठी पुस्तके आणि नियतकालिके पाहता येतात.

उणीव आहे ती सूचींची. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० अशी मराठी ग्रंथांची सूची एकट्याच्या जिद्दीवर केली. आजही अभ्यासक ‘दाते सूची’ म्हणतो ती हीच. त्या तोलाची, नियतकालिकांतल्या लेखांची आणि आजपर्यंत येऊन पोचणारी सूची मराठीला नाही. १९७२चा दुष्काळ चालू असताना मराठी साप्ताहिकांत काय लिहिले गेले, हे शोधायला त्या मुलीला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा पुण्याच्या जयकर ग्रंथालयात बसून अंकामागून अंक चाळावे लागतील. माणहून पुण्याचे भाडे आणि चार दिवसांची राहण्याची सोय हा तिच्यासाठी संशोधनपद्धतीचाच भाग आहे. त्याहून जुन्या काळाकडे वळणाऱ्याला साधन सापडले तरी लिपी अडवते: गोव्यात पोर्तुगीज काळातले मोडी कागद आहेत, तंजावरला भोसल्यांचे मोडी दफ्तर आहे. मोडीला २०१४ साली युनिकोड मिळाले, वाचणारे मात्र मोजके आहेत.

न सुटलेले

केअर यादी गेल्यावर प्रत्येक विद्यापीठ वेगळे निकष लावणार असेल, तर एका विद्यापीठात प्रमाण ठरलेला लेख दुसरीकडे चालणार का, याचे उत्तर अजून नाही. मौखिक मुलाखती पदवीच्या निबंधानंतर कुठे ठेवायच्या, हेही ठरलेले नाही. आज त्या विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये असतात आणि मोबाइलबरोबर जातात. यंत्राचा वापर किती मान्य, यावर एकाच महाविद्यालयातले दोन विभाग वेगळे बोलतात. आणि एका सत्रात, इतर पाच विषय सांभाळून, प्राथमिक साधनांपर्यंत जाण्याची अपेक्षा विद्यार्थ्याकडून करावी की नाही, यावर अध्यापकांतच दोन तट आहेत. मला ती अपेक्षा करावी असे वाटते. दहा साधनांऐवजी तीनच असू देत, पण ती हातात घेऊन वाचलेली असू देत.

म्हणून मार्गदर्शकांना एक विनंती. निबंध हाती आला की साम्याची टक्केवारी पाहण्याआधी त्यातल्या कोणत्याही पाच तळटीपा निवडा, आणि ती पाच पाने समोर आणून ठेवायला विद्यार्थ्याला सांगा. नंतर अर्धा तास त्याच्याबरोबर बसून ती पाने वाचा.